आई-बाबांचे कागद लावताना: गोव्यातल्या घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सासरे गेले तेव्हा त्यांच्या चार मुदत ठेवी होत्या. तीन ठेवींचे पैसे सासूबाईंना दीड महिन्यात मिळाले. चौथीला चौदा महिने लागले, आणि तीच रकमेने सगळ्यांत लहान होती. त्या पावतीवर आडनाव जुन्या पोर्तुगीज स्पेलिंगचं होतं आणि नॉमिनीचा रकाना कोरा होता. बँकेला वारसांचा कागद हवा होता, त्यासाठी लग्नाची नोंद हवी होती आणि लग्नाच्या नोंदीत सासूबाईंचं माहेरचं नाव होतं. ते नाव उच्चारणारी माणसं आता दोनच उरली होती, त्या स्वतः आणि त्यांची धाकटी बहीण.

तेव्हापासून आमच्या वाड्यावरच्या आणि नात्यातल्या म्हाताऱ्या माणसांबरोबर बसून त्यांचे कागद लावून द्यायचं काम मी करते. फोंडा तालुक्यातल्या बऱ्याच पेट्या आणि डबे उघडून झाल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. पैशाचा घोळ महिन्या-दोन महिन्यांत निस्तरतो, पण नावांचा आणि वारसांचा घोळ वर्षं खातो. सगळेजण सुरुवात मात्र पासबुकापासून करतात. मी सांगते तो क्रम थोडा वेगळा आहे.

आधी बोलणं, मग पेटी

कागद त्यांचे आहेत. आपण हात द्यायला आलो आहोत, ताबा घ्यायला नाही. ही गोष्ट आपल्या वागण्यातून त्यांना दिसली, तरच पेटी उघडते. ‘बाबा, तुमच्यानंतर आम्हाला काही सापडायचं नाही’ असं म्हटलंत की त्या दिवशीचं बोलणं संपलं. उत्तर ठरलेलं असतं, ‘फाल्यां पळोवया’, म्हणजे उद्या बघू. आणि तो ‘फाल्यां’ कधी उजाडत नाही.

त्यापेक्षा त्यांना शिकवायला सांगा. ‘आई, विजेचं बिल तू कुठे भरतेस? घरपट्टी कोण भरतं? मला एकदा दाखव.’ चाळीस-पन्नास वर्षं घर चालवलेल्या बाईला आपलं काम समजावून सांगायला आवडतं. दुसरा उपाय म्हणजे त्यांची सध्याची एखादी अडचण आधी सोडवून द्यायची. सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत यावं लागतं, ही तक्रार जवळपास प्रत्येक घरात आहे. हात थरथरायला लागला की सही बदलते. बरोबर जाऊन सहीचा नवा नमुना नोंदवून या. ते एक काम झालं की पुढची पेटी त्या स्वतःच काढून देतात.

वेळ सकाळची ठेवा, पेज जेवून झाल्यावर. दुपारची झोप मोडायची नाही. एका बैठकीला दीड तास पुरे. नवरा-बायको दोघं असतील तर दोघांनाही बसवा. ‘तिला काय कळतंय’ असं आजोबा म्हणाले तरी बसवाच, कारण गोव्याच्या कायद्याने अर्धा वाटा तिचा आहे. ते पुढे येईलच.

भावंडांना पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा. जो मुलगा किंवा जी मुलगी जवळ राहते तिच्यावरच हे काम पडतं, आणि मुंबई-पुण्याला किंवा परदेशी असलेल्यांच्या मनात नंतर शंका उभी राहते. चवथीला सगळे मूळ घरी येतात, तेव्हा केलेलं काम सगळ्यांसमोर ठेवता येतं. चवथीच्या दिवशी मात्र हा विषय काढू नका. गणपती पोचवून झाल्यावर दुसऱ्या दिवशी, पाहुणे पांगायच्या आत, तासभर बसा.

पहिली बैठक: काही फेकायचं नाही

आमच्या शेजारच्या काकी ऐंशीच्या आहेत. त्यांचे सगळे कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होते. आम्ही ओसरीवर जुनं लुगडं अंथरलं आणि डबा उपडा केला. पासबुकांना लावलेलं रबर विरघळून चिकट झालं होतं, ते काढताना वरच्या पासबुकाचं कव्हर सुटून आलं. टाचण्या गंजून प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तांबडा डाग पडला होता. विम्याचा बाँड होता, रेशन कार्ड होतं, निळ्या शाईतला दोन पानी पोर्तुगीज कागद होता आणि तळाशी काकांचा कदंब बसचा पास, फोटोसकट. काका जाऊन अकरा वर्षं झाली आहेत. मी तो पास बाजूला ठेवायला उचलला तर काकी म्हणाल्या, ‘तो आत असू दे गो.’ तो आतच ठेवला. अशा वस्तूंना हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी फक्त चार ढीग करायचे: माणसाचे कागद, पैशाचे कागद, घर-जमिनीचे कागद आणि आजारपणाचे कागद. कुठला कागद कुठे जातो ते कळलं नाही तर तो पाचव्या ढिगात टाका. वाचत बसू नका, नाहीतर तिसऱ्या कागदावरच दुपार होते. आणि काही फेकू नका, पोर्तुगीजमधलं तर मुळीच नाही. १९६१ मध्ये मुक्तीच्या तोंडावर इथल्या पोर्तुगीज बँकेत गहाण असलेले गोंयकारांचे दागिने लिस्बनला नेले गेले आणि ते परत यायला १९९१ साल उजाडलं. तीस वर्षांनी ‘ती पावती कुठे आहे’ असा प्रश्न पडू शकतो, हे गोव्याने अनुभवलेलं आहे.

आपल्याकडच्या पावसाचा विचार करून कागद ठेवावे लागतात. रबर, टाचण्या, स्टेपलच्या पिना सगळं काढा. खरेदीखत, सनद, जुने दाखले यांचं लॅमिनेशन करू नका. शिक्का, मुद्रांक आणि कागद अस्सल आहे का ते तपासायची वेळ आली की लॅमिनेशन आड येतं, आणि ते काढायला गेलं की कागद फाटतो. झेरॉक्स प्रती पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्या की वर्षा-दोन वर्षांत अक्षरं प्लॅस्टिकला चिकटतात, म्हणून साध्या कागदी पाकिटात ठेवा. चकचकीत कागदावर छापून येणाऱ्या पावत्यांची शाई उडते, त्यांची लगेच झेरॉक्स काढा. पाकिटं झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवा. डबा भिंतीला टेकवायचा नाही आणि जमिनीवरही ठेवायचा नाही. वाळवी वर येते ती तिथूनच.

एक वही

कागदांपेक्षा ही वही महत्त्वाची. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी, साधी शाळेची वही घ्या. मोबाइलमध्ये यादी करायला माझी हरकत नाही, पण ज्यांचे कागद आहेत त्यांना ती उघडता आली पाहिजे. वही त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली तर उत्तम. हात चालत नसेल तर आपण लिहावं आणि प्रत्येक पानाखाली त्यांची सही घ्यावी.

एका खात्याला एक पान. काकींच्या वहीतलं एक पान असं आहे: बचत खातं, फोंडा शाखा. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. नाव पासबुकावर जसं आहे तसंच, अक्षरही न बदलता. खातं एकटीचं. नॉमिनी थोरली मुलगी. जोडलेला मोबाइल क्रमांक. या खात्यात पेन्शन येते, यातून विम्याचा हप्ता जातो. पासबुक निळ्या पाकिटात.

पिन, पासवर्ड, ओटीपी वहीत लिहायचे नाहीत. ही वही भावंडांना, शेजाऱ्यांना, कधी कामवालीलाही दिसणार आहे.

पहिलं पान मात्र वेगळं: आपल्याला अचानक बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या (गोमेकॉच्या) इस्पितळात, न्यावं लागलं तर कोणी काय करायचं. घराची किल्ली कोणाकडे, औषधांची यादी कुठे, फॅमिली डॉक्टर कोण, कोणाला फोन करायचा, कुत्र्या-मांजरांना जेवण कोण घालणार, देवाची पूजा कोण करणार. या शेवटच्या गोष्टी नीट ठरलेल्या नसल्या तर म्हातारी माणसं इस्पितळात जायलाच तयार होत नाहीत, हे मी पाहिलं आहे.

नावं जुळवा

आता खरं काम. वहीच्या मधल्या दोन पानांवर एक तक्ता आखा. डावीकडे कागदाचं नाव, उजवीकडे त्या कागदावर छापलेलं नाव, इंग्रजी असेल तर एकेक अक्षर उतरवून. जन्माची नोंद, शाळेचा दाखला, लग्नाची नोंद, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, प्रत्येक पासबुक, प्रत्येक ठेव, विमा, पेन्शनचा आदेश, जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्याचा सातबाराच म्हणा), घरपट्टी, विजेचं बिल. माझ्या अनुभवात सगळीकडे एकच नाव असलेलं माणूस अजून भेटायचं आहे.

कारण उघड आहे. आज पासष्टी ओलांडलेल्यांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ च्या आधीचा, म्हणजे त्यांची नोंद पोर्तुगीजमध्ये. तिथे ‘नायक’च्या शेवटी ‘के’ऐवजी ‘क्यू-यू-ई’ येतं, प्रभूचा पोरोब होतो, कामताचा कामोतीम, शेणव्याचा सिनाय. मुक्तीनंतर शाळेत मास्तरांनी आपल्या कानाला पटेल तसं लिहिलं, नंतर आधारच्या शिबिरात आणखी कोणी तिसरंच लिहिलं.

बायकांचं दुखणं दुप्पट आहे. लग्नात नुसतं आडनाव बदललं नाही, नावही बदललं. नागरी नोंदवहीत माहेरचं नाव, बाकी आयुष्यभर सासरचं. पासबुकावरची बाई आणि लग्नाच्या नोंदीतली बाई एकच, हे कागदावर कुठेच दिसत नाही.

हे सुधारायचा क्रम असा. आधी आधार आणि पॅन यांत एकच नाव आणि एकच जन्मतारीख आणा, कारण बाकी सगळे त्यांच्याकडेच बघतात. मग त्या नावाने बँका आणि विमा. जुन्या नोंदी, म्हणजे जन्म, लग्न आणि जमीन यांना घाईने हात लावू नका. फरक फक्त लिहिण्याचा असेल तर ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करून घ्या आणि त्यात प्रत्येक रूप जसंच्या तसं लिहा. बऱ्याच ठिकाणी लग्नाची नोंद आणि हे प्रतिज्ञापत्र एवढ्यावर भागतं. नाव खरोखरच वेगळं असेल आणि मालमत्ता त्यावर अडली असेल, तर १९९० च्या गोवा नाव आणि आडनाव बदल कायद्याखाली रीतसर अर्ज करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून माणूस हयात असताना, सही करू शकत असताना करा. मरणानंतर नाव दुरुस्त करणं किती कठीण, ते मी वर सांगितलंच.

लग्नाच्या नोंदीची प्रमाणित प्रत घरात नसेल तर या आठवड्यातच काढा. ज्या तालुक्यात लग्न नोंदलं तिथल्या नागरी निबंधकाकडे ती मिळते. दोन-तीन प्रती काढून ठेवा. गोव्यात पुढच्या प्रत्येक कामाला ती लागते.

येणारा पैसा, जाणारा पैसा

इथे मी थोडक्यात सांगते, कारण बँकेत विचारलं तर हे सगळं कळतं. मागच्या वर्षभराचं पासबुक भरून आणा आणि दर महिन्याला काय येतं, काय जातं ते वहीत उतरवा. पेन्शन, राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे, ठेवींचं व्याज, भाडं, मुलांकडून येणारे पैसे. जाणारे: वीज, पाणी, गॅस, औषधं, विमा, घरपट्टी, देवळाची वर्गणी. आपोआप कापले जाणारे हप्ते बारकाईने बघा. एका आजोबांच्या खात्यातून कधीच न मागितलेल्या विम्याचा हप्ता तीन वर्षं जात होता.

मोबाइल क्रमांक तपासा. खातं काकांच्या क्रमांकाला जोडलेलं, काका गेले, सिम बंद पडलं. असा बंद क्रमांक कंपनी पुढे दुसऱ्या कोणाला देते आणि तुमच्या खात्याचे ओटीपी परक्या माणसाकडे जातात. बँक, आधार, पॅन आणि गॅस, चारही ठिकाणी आई-बाबांचा स्वतःचा चालू क्रमांक हवा. मुलाने सोयीसाठी सगळीकडे आपला क्रमांक घालणं मला पटत नाही. त्यामुळे आपल्याच पैशाची खबर आईला लागत नाही.

नॉमिनी प्रत्येक ठेवीला वेगळा असतो. बचत खात्याला दिला म्हणजे ठेवींना लागला, असं होत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चार जणांपर्यंत नॉमिनी देता येतात, हिस्सा ठरवून किंवा एकामागून एक. नॉमिनी म्हणजे मालक मात्र नव्हे. बँकेने पैसे कोणाच्या हातात द्यायचे एवढंच त्याने ठरतं. पुढे ते वारसांमध्ये कायद्याप्रमाणे वाटायचे असतात. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही हेच सांगितलं आहे.

एका बँकेत एका माणसाच्या ठेवींना व्याजासकट ५ लाखांपर्यंतच विमा आहे. सहकारी बँकांना तो लागू आहे, पतसंस्थांना नाही. परवाना रद्द झालेल्या बँकेसमोर रांगेत उभी राहिलेली म्हातारी माणसं गोव्याने पाहिली आहेत. अर्धा टक्का जास्त व्याजासाठी निवृत्तीची सगळी रक्कम एका ठिकाणी ठेवू नका. पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांपर्यंत गुंतवता येतात आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात येतं. माझ्या मते ठेवींच्या आधी तिचा विचार करावा.

मुलाचं नाव खात्यात घालायचं का? ‘दोघांपैकी कोणीही’ असं संयुक्त खातं सोयीचं असतं, पण मग मुलगा सगळे पैसे काढू शकतो हे आई-बाबांना स्पष्ट सांगा. मला सोयीची वाटते ती वाटणी अशी: रोजच्या खर्चाचं एक छोटं खातं संयुक्त आणि ठेवी त्यांच्या स्वतःच्या नावावर. मुखत्यारपत्रावर पूर्ण विसंबू नका. ते देणारा माणूस गेला की ते संपतं आणि त्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही तरी संपतं. विसरभोळेपणाची नुसती सुरुवात दिसली तरी संयुक्त खात्याचा निर्णय तेव्हाच घ्या. सही करताच येत नसेल तर साक्षीदारांसमोर, त्यातला एक बँकेचा माणूस, अंगठ्याचा ठसा चालतो. ७० च्या पुढच्यांना बँकेने घरी येऊन सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. शाखेत जाऊन लेखी मागा.

जुनं विसरलेलं खातं असल्याचा संशय असेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव टाकून शोधा. दहा वर्षं हात न लागलेले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण ते बुडत नाहीत, परत मागता येतात. शोधताना नावाची जुनी स्पेलिंगंही टाका. तुमचा तक्ता इथे पहिल्यांदा कामाला येतो.

घर आणि जमीन

प्रत्येक तुकड्याचा सर्व्हे क्रमांक आणि पोटविभाग वहीत लिहा, मग एक-चौदाचा ताजा उतारा काढा. शहरात असाल तर फॉर्म डी. दोन्ही सरकारी संकेतस्थळावर मिळतात. उताऱ्यात तीन गोष्टी बघायच्या: कब्जेदार म्हणून कोणाचं नाव आहे, कूळ म्हणून कोणाचं आहे, आणि ‘इतर हक्कां’च्या रकान्यात काय लिहिलंय. जुन्या घरांची नोंद पुष्कळदा त्या तिसऱ्या रकान्यात दडलेली असते.

बहुतेक उताऱ्यांवर आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव निघतं. घरात कोणाला त्याची काळजी नसते, ‘सगळ्या गावाला माहीत आहे जमीन कोणाची’. गावाला माहीत असणं पुरत नाही. मेलेल्यांच्या आणि परदेशी असलेल्यांच्या जमिनी खोट्या पोर्तुगीजकालीन कागदांवर लाटल्याची इतकी प्रकरणं निघाली की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोगही. ज्या उताऱ्यावर हयात माणसाचं नाव आहे आणि ज्याच्याकडे दरवर्षी कोणीतरी बघतं, ती जमीन लाटणं कठीण जातं. म्हणून म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर वारसांची नावं चढवणं, लांबवू नका. वारसांचा कागद झाला की मामलेदाराकडे अर्ज करा.

घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल हा मालकीचा पुरावा नव्हे. तरीही त्या पावत्या वर्षाप्रमाणे लावून जपा, राहत असल्याचा पुरावा म्हणून त्या लागतात. मुंडकाराचं, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत राहणाऱ्याचं, घर असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखालची नोंद झाली आहे का ते बघा. वडिलांनी ‘भाटकार चांगला माणूस आहे’ म्हणून नोंद केली नसेल तर तो चांगला माणूस आता हयात आहे का हेही बघा. कुळाची शेती असेल तर खरेदीचा दाखला, कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेची) जागा असेल तर तिचा आदेश, शेतजमिनीचं रूपांतर केलं असेल तर त्याची सनद. पोर्तुगीज खत असेल तर जाणत्या माणसाकडून प्रमाणित भाषांतर करून मुळाबरोबर ठेवा. जुनी नोंद घरात नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घेता येतो.

वारस आणि मृत्युपत्र: गोव्याचा कायदा वेगळा

पुण्या-मुंबईचे नातेवाईक सल्ला देतात, ‘साध्या कागदावर लिहा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, झालं.’ गोव्यात त्यावर विसंबू नका. इथे वारसा आणि मृत्युपत्र २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याप्रमाणे चालतं. तो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला, आणि त्याचं मूळ १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आहे. मृत्युपत्र तालुक्याच्या उपनिबंधक कार्यालयातल्या विशेष नोटरीसमोर करायचं.

लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, प्रत्येकाचा अर्धा वाटा. म्हणून घर फक्त बाबांच्या नावावर असलं तरी विकताना आईची सही लागते. बाबा गेले की आईचा अर्धा आईकडेच राहतो, वाटणी होते ती बाबांच्या अर्ध्याची. त्यातलाही अर्धा भाग मुलांचा हक्काचा, मुलगा आणि मुलगी सारखेच. तो मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. उरलेल्या अर्ध्याचं, म्हणजे एकूण मालमत्तेच्या पाव भागाचं, बाबा आपल्या मनाप्रमाणे करू शकतात. ज्या मुलीने सेवा केली तिला थोडं जास्त द्यायचं, तर ते या पाव भागातून. हे गणित वहीत चौकट आखून दोघांनाही दाखवा. किती बायका ते पहिल्यांदा ऐकतात आणि गप्प होऊन चौकटीकडे बघत राहतात!

पुण्यातला फ्लॅटही याच हिशेबात येतो. गोव्याच्या रहिवाशाची मालमत्ता भारतात इतरत्र असली तरी वारसा गोव्याच्याच कायद्याने, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं आहे.

मृत्यूनंतर दोन वाटा असतात. वारस कोण एवढंच ठरवायचं असेल तर विशेष नोटरीसमोर वारसाचं डीड होतं. वर्तमानपत्रात येणाऱ्या त्या जाहीर सूचना याच्याच. वाटणी करायची असेल आणि एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करायची कारवाई. दोन्हींना लग्नाची, जन्माची, मृत्यूची नोंद आणि नावांचा मेळ लागतो. परदेशातल्या मुलाने मुखत्यारपत्र पाठवलं तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, ती तारीख पाकिटावर लिहून ठेवा.

हयातीतच घर एका मुलाला बक्षीसपत्राने देऊन टाकायच्या मी विरुद्ध आहे. द्यायचंच ठरलं तर ‘आमचा सांभाळ करायचा’ ही अट पत्रात लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, अट पाळली नाही तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट लिहिलेलीच नसेल तर भांडणं कठीण जातं. या सगळ्या भागासाठी गोव्यात काम करणाऱ्या वकिलाचा एक तास विकत घ्या आणि जाताना नावांचा तक्ता बरोबर न्या.

आजारपणाचं पाकीट

हे पाकीट दाराजवळ, हाताला येईल असं. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड, त्याची मुदत वर लाल पेनाने लिहून. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख. ७० पूर्ण झालेल्यांसाठी केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड, ५ लाखांपर्यंत. आधारची प्रत, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, शेवटचे अहवाल. गोमेकॉचा केस पेपर असेल तर तोच प्रत्येक वेळी न्यायचा, नवा काढायचा नाही.

फसवणूक

‘तुमच्या आधारवर पार्सल सापडलं आहे, व्हिडिओ कॉल बंद करू नका, घरात कोणाला सांगू नका.’ पोलीस असल्याचं सोंग करून असा फोन येतो आणि ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ म्हणून घाबरवलं जातं. डिजिटल अटक नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहून फोनच्या जागेजवळ चिकटवा, आणि खाली १९३०, सायबर फसवणुकीचा क्रमांक. पैसे गेलेच तर पहिल्या तासात फोन करणं महत्त्वाचं, आणि तो त्यांनी करावा असं वाटत असेल तर त्यांना रागावायचं नाही. घाबरून चार दिवस लपवलेली रक्कम परत मिळणं अवघड होतं.

वर्षाचं वेळापत्रक

भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करा. एप्रिलमध्ये, व्याजावर कर कापू नये यासाठीचा बँकेतला अर्ज. मे महिन्यात पावसाआधी डबा उघडून कागद सावलीत हवेवर टाकायचे, ओलाव्याच्या पुड्या बदलायच्या. चवथीनंतर वही भावंडांसमोर. नोव्हेंबरमध्ये पेन्शनचा हयात दाखला. चेहरा दाखवून मोबाइलवरही होतो, नाहीतर पोस्टमनला घरी बोलवा. सामाजिक सुरक्षा योजनेचा हयात दाखला वेगळा असतो, पेन्शनचा दिला म्हणून तो झाला असं समजू नका. डिसेंबरमध्ये प्रत्येक सर्व्हे क्रमांकाचा नवा एक-चौदा काढून मागच्या वर्षीच्या उताऱ्याशी ओळीला ओळ लावून बघायचा, आणि अनोळखी नाव दिसलं तर त्याच आठवड्यात मामलेदार कचेरी गाठायची.

काकींची वही आता पूर्ण झाली आहे. परवा मी ती चाळत होते. शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या तिरक्या अक्षरात एक ओळ वाढवलेली दिसली: ‘बिस्किटांचा डबा कपाटात, वरच्या फळीवर. आतला पास काढू नये.’